होर्न ते वेंगुर्ले : एका व्यापाराची दोन टोकं

अ‍ॅम्स्टलवेन, नेदरलँड्स

डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 साली उभी राहिली ती सहा शहरांच्या भागीदारीतून. अ‍ॅम्स्टरडॅम आणि मिडलबर्ग हे मोठे भागीदार. डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझन हे धाकटे. याच कंपनीने 1637 मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. त्यामुळे सिंधुदुर्गातून इथे राहायला आलेल्या कुणी शनिवार-रविवारी कुठे जावं असं विचारलं, तर मी होर्नचं नाव घेईन. अ‍ॅम्स्टरडॅमहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत हे गाव येतं.

बंदराच्या तोंडावर 1532 सालचा बुरूज उभा आहे, धक्क्याला शिडाची जुनी गलबतं लागलेली असतात. पण मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. इथे भरती नाही, सुकती नाही, वाऱ्याला खारा वास नाही. होर्नचा समुद्रच बंद केला आहे. 1916 च्या महापुरानंतर डच सरकारने समुद्राच्या तोंडावर 32 किलोमीटरचा बांध घालायचं ठरवलं. तो 1932 मध्ये पुरा झाला आणि आतलं पाणी हळूहळू गोडं झालं. हेरिंगची मासेमारी संपली. मच्छीमारांचं नुकसान होणार हे सरकारने आधीच मान्य केलं होतं, म्हणून भरपाईचा कायदा 1925 मध्येच, म्हणजे बांध पुरा व्हायच्या सात वर्षं आधी झाला. विकासकामांमुळे किनारा सोडावा लागेल, अशी धास्ती घेऊन जगणाऱ्या आपल्या माणसांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

समुद्र गेला, व्यापार तर त्याच्याही आधी गेला होता, तरी गाव मात्र जपलेलं आहे. कंपनीचं 1606 सालचं कोठार आजही उभं आहे. गल्लीतली घरं तीन-चारशे वर्षांची आहेत आणि त्यांत माणसं राहतात. दारात सायकली आणि खिडकीत कुंड्या. या देशात राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेल्या घरात बदल करायचा तर परवानगी लागते, आणि दुरुस्तीसाठी मालकाला कमी व्याजाने कर्ज मिळू शकतं. बंधन आणि मदत अशी हातात हात घालून येतात. त्याहून मोठा वाटा रहिवाशांचा. ‘जुनं होर्न’ नावाची त्यांची संस्था 1917 पासून गावाच्या इमारतींवर लक्ष ठेवून आहे.

गावाच्या मुख्य चौकात यान पीटरझोन कोएनचा पुतळा आहे. 1587 मध्ये होर्नला जन्मलेला हा माणूस कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला. जायफळाचा व्यापार एकट्या कंपनीच्या मुठीत राहावा म्हणून त्याने 1621 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर स्वारी केली. तिथले बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा पकडून दूर नेले गेले. आपल्याकडे वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बागायतीत नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ वाढतं आणि पुरणात पडतं. इथल्या घरांत ते उकडलेल्या फ्लॉवरवर भुरभुरतात. या साध्या सवयीमागे केवढा रक्तपात आहे, ते या चौकात उभं राहिल्यावर कळतं.

हा पुतळा 1893 मध्ये बसवला तो अभिमानाने. 2011 मध्ये एका वाहनाच्या धक्क्याने तो खाली पडला. तो परत चढवावा की नाही, यावर गावभर वाद झाला. शेवटी पुतळा परत बसला, पण त्याच्याबरोबर 2012 मध्ये नवी पाटी लागली. कोएनचं कर्तृत्व, हजारो बांदावासीयांचे मृत्यू, आणि असा माणूस गौरवाला पात्र नाही हे टीकाकारांचं म्हणणं, अशा तिन्ही गोष्टी तिच्यावर आहेत. त्याच वर्षी गावच्या संग्रहालयाने ‘कोएनचा खटला’ असं प्रदर्शन भरवलं आणि निवाडा प्रेक्षकांवर सोपवला. वाद अजून मिटलेला नाही. 2020 मध्ये याच चौकात निदर्शनं झाली. मला या देशाचं हेच मोल वाटतं. पूर्वजांची इमारत इथे पाडत नाहीत आणि त्यांचा अपराधही झाकत नाहीत.

आता दुसरं टोक. डच ताफा दर हंगामात गोव्याच्या तोंडाशी येऊन पोर्तुगीजांची वाट अडवायचा, तेव्हा त्याला रसद आणि बातम्या वेंगुर्ल्याहून जात. ती वखार आज पडक्या अवस्थेत आहे. होर्नच्या कोठाराला गावाचं प्रेम मिळालं, तसं तिला मिळालेलं नाही. तिचे कागद मात्र हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुखरूप आहेत. कंपनीच्या या दप्तराला 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंचात स्थान मिळालं, आणि त्याचा मोठा भाग कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतो. त्यात वेंगुर्ल्याचा शोध ‘विंगुर्ला’ या नावाने घ्यावा.

ही नोंद फक्त डच व्यापाऱ्यांची नाही. त्यांना तांदूळ-मिरी विकणारे, त्यांची पत्रं पोचवणारे, त्यांचा माल उतरवणारे आपलेच लोक होते. सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांनी दोन-चार विद्यार्थ्यांना जुनी डच भाषा शिकवून या कामाला लावावं. आणि वखारीच्या दारात मराठीत एक सविस्तर पाटी असावी : ही वखार कुणी बांधली, कशासाठी बांधली, आणि इथे कोण राबलं.