शास्त्र आधी कानावर पडतं

बायबल वाचणं म्हटलं की एकट्याने, मनातल्या मनात वाचणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांचं वाचन असं नव्हतं. पोथी हाताने लिहिलेली, महागडी, आणि बहुतेकांना वाचता येत नसे. इ. स. 150 च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या हुतात्मा जस्टिनने लिहिलंय की रविवारी सगळे जमत, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जात आणि मग सभेचा प्रमुख त्यावर बोलत असे. वाचणारा एक, ऐकणारे अनेक.

पण ऐकलेल्याचा अर्थ कसा लावायचा? त्यांचं मूळ शास्त्र म्हणजे यहुद्यांचे ग्रंथ, आणि त्यांत ते ख्रिस्ताला शोधत. तांबड्या समुद्रातून पार होणं पौलाला बाप्तिस्म्यासारखं दिसलं. तिसऱ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा एक जुना अर्थ नोंदवला: जखमी वाटसरू म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. सुंदर आहे, पण मग कशाचाही काहीही अर्थ लावता येईल की! अंत्युखियाच्या शिक्षकांची हीच हरकत होती. आधी शब्द काय सांगतात, प्रसंग कोणता, हे बघा, असा त्यांचा आग्रह.

ही ओढाताण मराठीतही आली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या कानाला पुराणाची सवय होती, म्हणून त्यांनी ओवी निवडली. पहिल्या पुराणात सृष्टी आणि तारणाऱ्याचं वचन, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. जुन्यात वचन, नव्यात पूर्ती, ही आद्य मंडळीचीच वाचनरीत. शिवाय त्यात श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतात.

तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी दुसरी बाजू उचलली. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. 1922 मध्ये त्या गेल्या. भाषांतर 1924 मध्ये छापून आलं. शब्दच कळला नाही, तर पुढचा अर्थ लावायचा कशाच्या जोरावर?

ग्वाल्हेरात आपल्यापैकी कित्येकांची मराठी घरात ऐकून आलेली. शाळेतलं वाचन हिंदीत नाहीतर इंग्रजीत. म्हणून लाजायचं कारण नाही. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, अडलेला शब्द विचारावा, आणि मगच अर्थाकडे वळावं. शंका विचारणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. 'क्रिस्तपुराणा'तल्या श्रोत्यांनाही पाद्रींनी गप्प बसवलं नाही.