विवाल्दीचे ‘ग्लोरिया’: एका स्तोत्राचे बारा भाग

‘ग्लोरिया’ हे रोमन कॅथलिक मिस्सेत गायले जाणारे लॅटिन स्तुतिस्तोत्र. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या रात्री देवदूतांनी गायिलेल्या स्तवनाने त्याची सुरुवात होते. अनेक संगीतकारांनी ते स्वरबद्ध केले. त्यांत आज सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक म्हणजे आंतोनिओ विवाल्दी (१६७८–१७४१) यांची डी मेजरमधील रचना (विवाल्दींच्या कृतींच्या सूचीत क्रमांक आरव्ही ५८९).

विवाल्दी १७०३ मध्ये धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवू लागले. तिथल्या मुली-स्त्रियांचा वाद्यवृंद आणि गायनवृंद युरोपभर नावाजलेला होता. जाळीआडून होणारे त्यांचे गायन ऐकायला दूरदूरचे प्रवासी येत. १७१३ मध्ये तिथले गायनप्रमुख फ्रांचेस्को गास्पारिनी गेल्यावर धार्मिक रचनांचे काम विवाल्दींकडे आले. ‘ग्लोरिया’ १७१५च्या सुमाराची मानली जाते.

सुमारे अर्ध्या तासाच्या या रचनेत स्तोत्राच्या ओळी बारा भागांत वाटल्या आहेत आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र भाव दिला आहे. आरंभी तंतुवाद्ये एकाच स्वरावर सप्तकभर वर-खाली झेपा घेतात, ट्रम्पेट आणि ओबो साथीला येतात आणि मग अख्खा गायनवृंद स्तुतीचा गजर करतो. लगेच पुढच्या भागात, पृथ्वीवरील शांतीची प्रार्थना येताच, लय संथावते, स्वर बी मायनरमध्ये उतरतात, ट्रम्पेट थांबतो आणि आवाज एकामागून एक येऊन एकमेकांत गुंततात. जल्लोषाला लागूनच व्याकुळता ठेवण्याची ही योजना पुढेही दिसते: तिसऱ्या भागात दोन सोप्रानोंचे चपळ युगलगान, सहाव्यात सोप्रानो आणि ओबोचा डुलता संवाद, आठव्यात एकल कॉन्ट्राल्टोच्या विनवणीला गायनवृंदाची साद.

अकराव्या भागात आरंभीचे संगीत थोडक्यात परतते. शेवटी येते दुहेरी फ्यूग: दोन धून वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ उचलल्या जातात आणि एकत्र गुंफल्या जातात. हा भाग विवाल्दींनी संगीतकार जोव्हान्नी मारिया रुज्जिएरी यांच्या १७०८च्या ‘ग्लोरिया’वरून बेतला आहे.

विवाल्दींच्या मृत्यूनंतर ही रचना विस्मरणात गेली. १९२०च्या दशकात त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह उजेडात आला आणि तुरीनच्या ग्रंथालयात पोहोचला. १९३९ मध्ये सिएना इथल्या विवाल्दी-सप्ताहात संगीतकार आल्फ्रेदो कासेल्ला यांच्या पुढाकाराने ‘ग्लोरिया’ पुन्हा सादर झाले आणि तेव्हापासून जगभरच्या गायनवृंदांनी ते आपलेसे केले.