हौसेला मोल किती?

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे काही पटत नाही. मोल असतेच, ते कधी रोखीने चुकवावे लागते, कधी पाठदुखीने, आणि कधी त्याहून जबर किमतीने. म्हणून हौसेच्या वस्तूत किती पैसे घालावेत, हा प्रश्न मला कर्जाच्या अर्जाइतकाच विचार करण्याजोगा वाटतो.

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. 'दहा हजार सरोवरांचा प्रदेश' हे त्याचे टोपणनाव. तिथे आमची लेक राहते, त्यामुळे उन्हाळ्यात आमचा मुक्काम अधूनमधून तिकडे असतो. तिच्या मराठी मित्रमंडळींच्या घरी शनिवारी जेवणे झाली, की एक वाद हमखास रंगतो : मोठ्या दुकानात मिळणारी स्वस्तातली प्लास्टिकची कनू घ्यावी, की पैसे साठवून चांगली घ्यावी? "बाबा, तुम्ही बँकवाले, तुम्हीच सांगा," असे जावयाने म्हटले आणि मी या विषयात शिरलो.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एकाच बाजूला पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची होडी. मिनेसोटातले मूळचे ओजिब्वे लोक ती बर्च झाडाच्या सालीची बनवत. आत सीडरच्या फळ्या, मुळ्यांची शिवण आणि सांध्यांना राळ. पुढे सालीची जागा लाकूड आणि कॅनव्हासने घेतली. १९४४ साली ग्रमन या लढाऊ विमानांच्या कारखान्यातले एक बडे अधिकारी, विल्यम हॉफमन, सुटीत असली जड कनू खांद्यावर वाहून दमले. विमानाच्या ॲल्युमिनियमची कनू का करू नये, असे त्यांच्या मनात आले. पुढच्याच वर्षी तशी कनू तयार झाली. जाणत्यांनी नाके मुरडली : खडकाला लागली की पातेल्यासारखी वाजते, उन्हात तापते. पण मुलांच्या शिबिरांनी आणि भाड्याने होड्या देणाऱ्यांनी ती उचलून धरली, कारण ती सहसा मोडत नसे.

मग १९७०च्या दशकात कोलमन आली. आपल्याकडे जशी पेट्रोमॅक्सची बत्ती, तशी तिकडे कोलमनची. या बत्ती-स्टोव्हवाल्या कंपनीने पॉलिएथिलीनची कनू काढली. होडीची कवचे पेल्यांसारखी एकात एक बसत, म्हणून वाहतूक स्वस्त पडे. आतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि बैठका गिऱ्हाइकाने घरी जोडायच्या. जाणते पुन्हा हसले. कोलमनने ही कनू बनवणे केव्हाच बंद केले. पण अशा जुन्या कनू अजून कोणाकोणाच्या परसात पालथ्या पडलेल्या दिसतात, आणि आजच्या स्वस्त प्लास्टिकच्या कनू त्यांच्याच भाऊबंद आहेत.

तेव्हा हसणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकून घेऊ. ते खोटे नाही. प्लास्टिक लवचिक असल्यामुळे होडीचे बूड पाण्यात आतबाहेर होते. तेलाच्या डब्याचा पत्रा दाबल्यावर होतो तसे. त्याने वेग जातो. अशा होडीचे बूड सपाट आणि रुंद असते, मधोमध सरळ कणा असतो. त्यामुळे ती सरळ जाते, पण वळायला आळशी. चीर पडली तर दुरुस्ती अवघड, कारण पॉलिएथिलीनला साधा गोंद धरत नाही. वर्षानुवर्षे उन्हात ठेवली तर ते ठिसूळही होते.

आता जमेची बाजू. जूनमधल्या शांत सकाळी आईबाप, एक मूल आणि डब्यातले थालीपीठ एवढे घेऊन सरोवराच्या काठाकाठाने तासभर फिरायचे असेल, तर यातले एकही वैगुण्य आड येत नाही. उलट सपाट बुडाची होडी बसता-उठताना कमी डगमगते आणि नवशिक्याचा जीव थाऱ्यावर राहतो. गारगोट्यांवर घासली तरी मालकाच्या काळजाला चरे पडत नाहीत. वेग हवाय कोणाला? बदके पाहायला निघालेल्या माणसाने शर्यतीची होडी का घ्यावी?

हिशेबही मांडून पाहू. चांगल्या केव्हलारच्या कनूला तीन हजार डॉलर किंवा जास्तच पडतात. वापरलेली प्लास्टिकची चारशेत मिळाली असे धरू. पाच उन्हाळे, दर उन्हाळ्यात आठ फेऱ्या, म्हणजे चाळीस फेऱ्या. स्वस्त होडीची फेरी दहा डॉलरला पडली, महागडीची पंचाहत्तरला. महाग होडी विकताना बरे पैसे येतात हे मान्य. पण चाळीस फेऱ्या खरोखरच होतील, याची हमी कोण देणार? कर्जदाराच्या उत्साहावर कर्ज देऊ नये, हा बँकेतला जुना नियम इथेही लागू आहे. त्यासाठी आधी तीन-चार वेळा भाड्याची होडी घेऊन पाहावी.

स्वस्त कनूचा खरा दोष पाण्यात दिसत नाही, तो जमिनीवर कळतो. तिचे वजन पस्तीस ते चाळीस किलो भरते. केव्हलारची साधारण वीस. राज्याच्या उत्तर टोकाला बाउंड्री वॉटर्स नावाचे दहा लाख एकरांहून मोठे राखीव अरण्य आहे. तिथे एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना होडी खांद्यावर न्यावी लागते. ही अंतरे आजही 'रॉड' या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी. एकशे साठ रॉड म्हणजे अर्धा मैल. तेवढे अंतर चाळीस किलो डोक्यावर घेऊन चालल्यावर वाचवलेले पैसे कुठे गेले ते समजते. तितके लांब न जाणाऱ्यांनीही एक परीक्षा करावी : दोघांनी मिळून ती गाडीच्या टपावर चढवता येते का? येत नसेल, तर ती घराबाहेर पडणारच नाही. माझ्या सौभाग्यवतींनी एकदा एक टोक उचलून पाहिले आणि "अहो, आपण काठावरच बसू या" असा निकाल दिला.

काटकसर होडीत करावी, वल्ह्यात नाही. मिनिटाला पंचवीस फटके धरले, तर तासात पंधराशे होतात. वल्हे तीनशे ग्रॅमने जड असेल, तर तासाभरात साडेचारशे किलो जास्तीचे उचलले जातात.

आणि ज्यात मुळीच काटकसर करू नये, ते म्हणजे लाइफ जॅकेट. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात : नौकांच्या अपघातांत बुडून गेलेल्यांपैकी दर पाचांतल्या चारांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नव्हते. मिनेसोटाचा कायदा दर माणशी एक जॅकेट होडीत असलेच पाहिजे असे सांगतो, आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलेच हवे. मोठ्यांनी बैठकीखाली ठेवले तरी कायद्याला चालते. पाण्याला चालत नाही. तिकडे मे महिन्यात ऊन छान पडलेले असते, पण बर्फ वितळून फार दिवस झालेले नसतात. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्याचा एक हिशेब सांगितला आहे : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय उपयोगी पडतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. दहा मिनिटांनंतर पट्टीचा पोहणाराही लुळा पडतो. तेव्हा त्याला वर धरते ते जॅकेट. होडी किती हजारांची होती याने काही फरक पडत नाही.

दुसरा शत्रू वारा. मोकळी, उंच काठाची कनू वाऱ्यात पानासारखी भरकटते; महाग कनूलाही हे चुकत नाही. आपल्याकडे २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कळाशीजवळ वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. ती होडी वेगळी, पण धडा तोच. मोठ्या पाण्याच्या मधोमध जाण्याचा मोह आवरावा. आपल्या कोकणातल्या कोळ्यांनी अरुंद होडीला बाजूने उलांडी जोडली, ती लाटा आणि वारा ओळखूनच. आता तारकर्लीला नि गोव्याच्या खाड्यांतही हौशी मंडळी कयाक घेऊन फिरतात. त्यांनाही हेच लागू.

जावयाला मी दिलेला सल्ला असा : कनू वापरलेली घे, स्वस्त घे, मात्र ती तुम्हा दोघांना उचलता आली पाहिजे. वाचलेल्या पैशांतून दोन हलकी वल्ही घे आणि प्रत्येकाच्या मापाचे जॅकेट घे. काठ धरून राहा आणि वारा उठायच्या आत परत फिर. पाच वर्षांनीही दर शनिवारी पाण्यावर जावेसे वाटले, तर महागडीचा विचार कर. कर्जाचा तो अर्ज मी डोळे मिटून मंजूर करीन.