अवचित गाठीची तयारी

युद्धाचा खेळ हा व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. आमचे उत्तर असे की, बुद्धिबळ हाही लढाईचाच खेळ आहे, आणि त्यावर व्याख्यान ठेवले तर कोणी हरकत घेत नाही. फरक इतकाच की, बुद्धिबळात शत्रू समोर मांडलेला असतो. सोळाच्या सोळा मोहरी उजेडात. खरा शिपाई रानातून चालतो तेव्हा वळणापलीकडे कोण आहे हे त्याला ठाऊक नसते. ही न दिसणारी बाजू खेळात आणावी कशी, एवढाच आजचा विषय.

प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने, वडिलांनी आरंभिलेला युद्धखेळ सुधारून, १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशावर ठोकळ्यांच्या पलटणी, चकमकीच्या निकालाला फासे, आणि मध्ये एक पंच. पंच सांगेल तेवढाच शत्रू खेळणाऱ्याला दिसे. पुढे १८७६ साली व्हर्दी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने, फासे व किचकट नियम सोडून निकाल अनुभवी पंचावरच सोपवावा, असे सुचवले. विसाव्या शतकात खेळाने नवे वळण घेतले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली निघाला, आणि १९८४ च्या ‘ट्वायलाइट २०००’ मध्ये तिसऱ्या महायुद्धानंतर पोलंडात अडकून पडलेले शिपाई आले. या खेळांत प्रत्येक खेळाडू एका माणसाची भूमिका घेतो: कोणी हवालदार, कोणी वायरलेसवाला, कोणी मलमपट्टी करणारा. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, इतर जण आपण काय करतो ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासा पडतो.

जव्हार तालुक्यातील साखरशेत येथे आम्ही हा खेळ पावसाळ्यात मांडतो. आमचे काम वीटभट्टी कामगारांच्या युनियनचे. पावसात भट्ट्या बंद असतात, पोरे लावणीसाठी घरी आलेली असतात, आणि सायंकाळी पाऊस बाहेर पडू देत नाही. खेळाची पुस्तके महाग. तेव्हा नियम थोडके घेतले, नकाशा वहीच्या कागदावर काढला, आणि फासे मात्र बाजारातून आणले.

आता गाठीचे गणित. सूत्रधार दिवसाचे चार भाग पाडतो: पहाट, दुपार, तिन्हीसांजा, रात्र. प्रत्येक भागाला एक फासा टाकायचा. सहा पडला तर वाटेत कोणीतरी भेटले. चार वेळा फासा टाकल्यावर निदान एकदा सहा पडण्याचा संभव १,२९६ पैकी ६७१, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक. दिवसाआड एखादी गाठ, असे म्हणा ना. त्याहून जास्त गाठी घातल्या की तुकडीला चालायलाच मिळत नाही, आणि फारच कमी घातल्या की भीती उरत नाही.

कोण भेटले हे ठरवण्यासाठी दोन फासे एकदम टाकावेत. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहांत बेरीज सात येते. दोन किंवा बारा मात्र एकेकाच जोडीत. म्हणून नित्याची गोष्ट साताच्या आसपास आणि क्वचितची टोकांना लिहावी. आमच्या तक्त्यात सातला गावकरी आहेत. सहा व आठला कोणी भेटत नाही, नुसती खूण दिसते: विझवलेली चूल, बुटाचा ठसा, रिकामा डबा. पाच व नऊला शत्रूची पाचसहा जणांची गस्त. चार व दहाला रसद वाहणारे. तीन व अकराला पलटण सोडून पळालेले. दोनला एकटा जखमी शिपाई. बाराला पुरी कंपनी. म्हणजे ३६ पैकी १६ वेळा बंदूकवाला भेटतच नाही. पोरांना आधी हे मिळमिळीत वाटले. पण विझलेल्या चुलीची राख अजून गरम आहे असे सांगितले की सगळे जे काही गप्प होतात, ते गोळीबारानेही होत नाहीत.

सातच्या ओळीत आम्ही प्रथम असे लिहिले होते: ‘सांजवेळी रानातून डोक्यावर मोळी घेऊन येणारे तीन इसम, ओळख पटत नाही.’ हवालदार झालेल्या मुलाने गोळी घालायचा हुकूम दिला. दुसरा मुलगा म्हणाला, “अरे, हे आपणच की.” खेळ तेथे थांबला नाही, हवालदाराने हुकूम फिरवला आणि हाक मारून विचारपूस केली. युद्धभूमी म्हणजे कोणाचे तरी गाव असते. तक्त्यात जर शत्रूच शत्रू लिहिले, तर खेळणारा रानात हलणाऱ्या प्रत्येक माणसावर नेम धरायला शिकतो, आणि हे शिकवायला आम्ही बसलेलो नाही.

म्हणून नुसते ‘शत्रूचे पाच शिपाई’ असे लिहिणे ही आमच्या मते तयारीच नव्हे. ते कोठून निघाले, कोठे जाणार, त्यांना काय हवे आहे, आपल्या तुकडीचा सुगावा त्यांना आहे काय, आणि वाट दिली तर पुढे काय करतील, हे आदल्या दिवशी लिहून ठेवावे. ‘पाच जण, दोन दिवसांचे उपाशी, एकाचा पाय मुरगळलेला, पाण्याच्या शोधात’ एवढे लिहिले की लढाईशिवाय आणखी तीन रस्ते आपोआप दिसू लागतात. मग दोन फासे पुन्हा टाकून त्यांची वृत्ती ठरवावी: कमी पडले तर ते चवताळलेले, मधले पडले तर बिचकलेले, जास्त पडले तर बोलायला तयार. ही युक्ती १९७४ च्या खेळातलीच आहे. प्रसंगी बसल्या जागी सुचवायला गेलो तर डोक्यात फक्त दबा धरून बसलेला शत्रू येतो. म्हणून एका सायंकाळसाठी अशा सहा गाठी तयार असाव्यात. त्यांतल्या दोनतीनच वापरल्या जातात.

ऋतू पाहून तक्ता बदलावा. आषाढात ओढे भरलेले. रसद थांबते, पण गावात माणसे असतात. माघात वाट मोकळी, परंतु भट्टीला गेलेल्या घरांत म्हातारे आणि लहान पोरेच उरतात. तेव्हा सातच्या ओळीतले तीन इसम माघात एक म्हातारी आणि दोन शेळ्या होतात.

अवचित गाठीलाही कारण असते, हे इतिहासातून दाखवता येते. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर गेले तेव्हा जव्हारजवळच्या शिरपामाळावर मुक्काम झाला, असे येथे परंपरेने सांगतात. त्या वेळी गनिमाला पत्ता लागला नाही. १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना मात्र, नाशिककडच्या मुलखात, वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशी आडवा आला. तो काही फासा पडला म्हणून आला नव्हता. लुटीची बातमी पोचली होती. मराठ्यांनी ती लढाई जिंकली, ही गोष्ट वेगळी. आमच्या खेळात रसद लुटली गेली की दुसऱ्या दिवसापासून फाशावर पाच पडले तरी गाठ पडते, आणि भेटणारी गस्त आपल्याच शोधात असते.

व्हर्दी साहेबांचे म्हणणे मात्र आम्हांस पटत नाही. वाटाघाटींत वर्षे काढल्यामुळे लवाद नावाच्या प्राण्याची आम्हांला चांगली ओळख आहे. पंच कितीही सज्जन असला तरी आवडत्या पोराची बाजू घेतोच. तेव्हा फासा सर्वांदेखत टाकावा आणि पडेल तो मानावा. तक्ता मात्र सूत्रधाराने झाकून ठेवावा.

शेवटी हजेरीपट. शत्रूच्या कंपनीत १२० माणसे धरली तर १२० ओळी आखाव्यात. जो मेला, पकडला गेला किंवा पळाला, त्याची ओळ खोडावी. भट्टीवर कामावर असलेल्या माणसाचे नाव मस्टरवर नसते हे आम्ही पुष्कळ पाहिले. खेळात उलटे होते, काल मेलेला शिपाई आज पुन्हा हजर. सूत्रधाराने असे होऊ देऊ नये. रविवारी बैठक मोडताना हजेरीपट घडी घालून वहीत ठेवावा आणि पुढच्या रविवारी त्यावरूनच आरंभ करावा. बारा पडले आणि पटावर ८३ उरले असतील, तर समोर ८३ यावेत.