कापड उजेडात, फोटो सावलीत

महाड किंवा पोलादपूरच्या बाजारात जुने गिऱ्हाईक कापड घ्यायला आले की ताका उचलून दाराशी नेते आणि दिवसाच्या उजेडात रंग पाहते. ट्यूबलाइटखाली गर्द निळा काळा वाटतो, जांभळ्याची छटा बदलते, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावे लागले नाही. आता मात्र पुष्कळसे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतच नाही. लग्नाच्या कपड्यांची खरेदी असली तर एक भाऊ मुंबईत, दुसरा आखातात. दुकानातून फोनवर फोटो जातो, रात्री पसंती येते, पैसेही तिकडूनच येतात. कापड दारापर्यंत नेण्याचे काम आता कॅमेऱ्याकडे आले आहे. त्याने ते नीट केले नाही तर माल परत येतो, आणि मालाबरोबर दुकानाची पतही थोडी जाते.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे पहिले सांगणे उजेडाबद्दल. फोटो दाराच्या आत, सावलीत, बाजूने उजेड येईल असा काढावा. कडक उन्हात रंग फिका पडतो आणि घड्यांच्या काळ्या रेघा उठतात. फोनचा फ्लॅश तर समोरून मारा करून वीण झोपवून टाकतो. बाजूचा उजेड धाग्यावरून सरकत येतो, त्यामुळे खादीचा खरखरीतपणा आणि साटीनची लकाकी दोन्ही दिसतात. फोटो काढताना आतले दिवे बंद करावेत. ट्यूब आणि दिवस असे दोन उजेड मिसळले की कॅमेरा गोंधळतो. कापडाशेजारी धुतलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवावा. तो फोटोत पिवळा किंवा निळा दिसला तर रंग बिघडला हे तिथेच कळते.

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले असते. तो उजेड मऊ असतो, रंगाला चांगलाच, पण दुकानात अंधार. यावर सिनेमावाल्यांची एक युक्ती घेण्यासारखी आहे. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (1959) या चित्रपटात स्टुडिओच्या अंधारात प्रकाशाचा जो प्रसिद्ध झोत दिसतो, तो छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांनी बाहेरचे ऊन आत वळवून आणला होता. कापडाच्या दुकानात आरसा असतोच! तो दाराशी ठेवून उजेड आत घ्यावा, मात्र थेट कापडावर न टाकता समोरच्या पांढऱ्या भिंतीवर टाकावा. भिंतीवरून उलटून आलेला उजेड सारखा पसरतो.

आता काळ्या-पांढऱ्याचा प्रश्न. बुरख्याचे काळे कापड फोटोत राखाडी का येते, अशी तक्रार अनेकजण करतात. कारण असे की, कॅमेरा समोरच्या सगळ्याचा हिशेब करून मधला उजेड धरतो. चौकटभर काळे असले तर तो ते उजळवतो, चौकटभर पांढरे असले तर मळवतो. तेव्हा पडद्यावर कापडावर बोट टेकवावे, आणि उजेड कमी-जास्त करायची खूण दिसते ती काळ्यासाठी खाली, पांढऱ्यासाठी वर सरकवावी. निदा आणि कुर्त्याचे पांढरे कापड विकणाऱ्यांनी ही एकच गोष्ट शिकली तरी पुष्कळ तक्रारी मिटतील.

चौकटीविषयी फार बोलायला नको. फोनमध्ये उभ्या-आडव्या दोन-दोन रेघांची जाळी असते, ती चालू ठेवावी. चौकड्याच्या कापडाला ती विशेष उपयोगी. चौकड्याच्या रेघा जाळीच्या रेघांना समांतर आल्या नाहीत तर फोन तिरका आहे, आणि गिऱ्हाईक म्हणते विणच वाकडी. साडीचा काठ खालच्या रेघेवर घ्यावा, म्हणजे काठही दिसतो आणि अंगही. फार जवळ जाऊन काढलेला फोटो कडांशी ताणला जातो, म्हणून दोन पावले मागे सरकून दुप्पट मोठे करून घ्यावे. मागे कॅलेंडर, चहाचा ग्लास, उधारीची वही येऊ देऊ नये. हात हलत असेल तर कोपर ताग्यांच्या थप्पीवर टेकवावे.

फोन ठेवायची जागाही एकच ठरवावी. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एकाच जागी ठेवून, रोज एक याप्रमाणे चित्रे घेतली. ती पुढे सलग दाखवली तेव्हा रोप डोळ्यांदेखत वाढले. जमिनीवर खडूची खूण करून सगळे नग तिथूनच टिपले तर गिऱ्हाइकाला दोन रंग शेजारी ठेवून तोलता येतात.

हे झाले विक्रीचे. महाडकरांना कॅमेऱ्याचे दुसरे काम 22 जुलै 2021 च्या पुरानंतर कळले. तळमजल्यावरची दुकाने पाण्याखाली गेली, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. चिखल उपसताना फोटो सर्वांनी काढले. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने चाळीसेक काढले, सगळे भिजल्या कापडाचे, अगदी जवळून. विम्याच्या माणसाने विचारले, “यात दुकान कुठे आहे?” त्यावर उत्तर नव्हते.

सिनेमात आधी दुरून जागा दाखवतात, मग माणूस, मग चेहरा. नुकसानीचे फोटोही याच क्रमाने घ्यावेत. आधी रस्त्यावरून पाटीसकट दुकान, मग एकेक मांडणी, मग ताग्यावरची चिठ्ठी आणि डाग. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला मीटरपट्टी लावून फोटो घ्यावा, आणि तो पट्टीचे आकडे वाचता येतील असा असावा. हे सगळे साफसफाईच्या आधी.

पण त्याहून मोलाचे चित्रण मे महिन्यातले, माल कोरडा असतानाचे. पाटीपासून सुरुवात करून, मध्ये न थांबता आत यावे, डावीकडून उजवीकडे सावकाश वळावे, प्रत्येक मांडणीपाशी दहापर्यंत मोजेस्तोवर हात स्थिर ठेवावा. चित्र मध्येच मोठे-लहान करू नये. अखंड चित्रणात माल आणि दुकान एकमेकांना धरून राहतात. तारीख तोंडाने बोलावी आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्रही दाखवावे. प्रत त्याच दिवशी मुंबईच्या किंवा आखातातल्या नातेवाइकाला पाठवावी, कारण दुकानाबरोबर फोनही बुडू शकतो.