स्नायूंची भाषा आणि यंत्राचा हात

कोपराखाली हात तुटलेल्या माणसाने मूठ वळण्याचे मनात आणले, तर मूठ उरलेली नसली तरी ती वळविणाऱ्या स्नायूंचा बराचसा भाग शाबूत असतो. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून पूर्वीप्रमाणेच तेथवर येते, स्नायू आखडतात आणि आखडताना अत्यल्प विद्युद्दाब निर्माण करतात. त्वचेवर धातूची चकती ठेवून तो मोजला, तर फार तर काही मिलिव्होल्ट भरतो. पुष्कळदा तेवढाही नसतो. एवढ्याशा खुणेवरून मोटार चालवावी आणि तिच्याकडून पेला उचलवून घ्यावा, ही कल्पना म्युनिकच्या राइनहोल्ड राइटर यांनी प्रत्यक्षात आणली आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. निर्वात नलिकांचा तो सरंजाम अंगावर वागविण्याजोगा नव्हता. राइटर यांचे काम विस्मृतीत गेले आणि इतरांना तीच वाट नव्याने शोधावी लागली. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६० च्या सुमारास, सोव्हिएत संघात अलेक्झांडर कोब्रिन्स्की यांच्या गटाने अंगावर बाळगता येईल असा हात तयार केला. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो मुले अपुऱ्या हातापायांनी जन्मास आली, तीही याच सुमारास. त्यानंतर पाश्चात्त्य सरकारांना या संशोधनाकडे पाठ फिरविणे शक्य राहिले नाही.

तेव्हा रूढ झालेली रीत आजही बव्हंशी चालू आहे. हाताच्या उरलेल्या भागावर दोन ठिकाणी विद्युदग्रे बसवितात. एका बाजूचे स्नायू आवळले की पंजा मिटतो, दुसऱ्या बाजूचे आवळले की उघडतो. मनगट फिरवायचे असेल तर दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळून यंत्राला तशी सूचना द्यावी लागते. मग तीच दोन विद्युदग्रे मनगट चालवू लागतात आणि काम झाले की पुन्हा पंजाकडे परतावे लागते. सशक्त माणूस दाराची मूठ धरता धरताच फिरवितो. त्यासाठी थांबून विचार करावा लागत नाही. २००७ मध्ये प्रत्येक बोटाला स्वतंत्र मोटार असलेला पंजा बाजारात आला, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. परंतु घोडे पाच झाले, लगाम मात्र दोनच राहिले.

या विसंगतीची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली आहे. २००७ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विजेवर चालणारा हात टाकून देणाऱ्यांचे प्रमाण प्रौढांत सरासरी २३ टक्के आणि मुलांत ३५ टक्के आढळले. उलट अमेरिकेत १९१२ मध्ये पेटंट झालेला दुभंगलेला आकडा अद्याप वापरात आहे. खांद्यावरच्या पट्ट्याने आणि तारेने तो उघडतो. दिसायला ओबडधोबड खरा. पण तारेचा ताण खांद्याला जाणवतो आणि आपण किती ओढले हे डोळे मिटूनही कळते. विजेच्या हाताची सारी मदार डोळ्यांवर.

लगाम वाढविण्याचा एक मार्ग गणिताचा. कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठात हजिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, एकेका स्नायूचा जोर मोजण्यापेक्षा संकेतांचा एकूण आकृतिबंध ओळखावा. चिमूट, मूठ, मनगटाची फिरकी, प्रत्येक हेतूची ठेवण वेगळी असते. यंत्राने ती वापरणाऱ्याकडूनच शिकून घ्यावी. प्रयोगशाळेत ही ओळख शंभरांपैकी नव्वदांहून अधिक वेळा बरोबर ठरते. घरी गेल्यावर मात्र घाम येतो, खोळ किंचित सरकते, हात डोक्यावर उचलला की त्याच हेतूचे संकेत वेगळे उमटतात, आणि यंत्र गोंधळते. निर्णयासाठी त्याला अधिक वेळ द्यावा, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडचा विलंब वापरणाऱ्याला खटकू लागतो. टेबलापाशी बसवून काढलेल्या टक्केवारीवर समाधान मानणारे संशोधन अपुरेच म्हणावे लागेल. गरम चहाचा कप हातात असताना एक चूकसुद्धा पुरेशी असते.

दुसरा मार्ग शल्यवैद्यांचा आहे, आणि तो अधिक मुळाशी जातो. हात जितका वरून तुटलेला, तितक्या अधिक आज्ञांची गरज. आणि नेमके तितकेच कमी स्नायू शिल्लक. खांद्यापासून हात गेलेल्याला कोपर, मनगट, पंजा सारेच यंत्राचे हवे. पण ते हलविणारा एकही स्नायू उरलेला नसतो. मज्जातंतू मात्र जिवंत असतात. शिकागोचे डॉ. टॉड कुइकेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये दोन्ही हात गमावलेल्या एका वीज कामगाराचे हे बेवारस मज्जातंतू छातीच्या स्नायूंकडे वळविले. काही महिन्यांनी मूठ मिटण्याचा विचार केला की छातीचा एक भाग आखडू लागला. त्याहून विलक्षण म्हणजे, छातीच्या त्वचेला स्पर्श केला की त्याला गेलेल्या हाताला स्पर्श झाल्याचा भास होई. मिशिगन विद्यापीठातील गटाने मज्जातंतूच्या टोकावर स्नायूचा लहानसा तुकडा गुंडाळून तोच संकेत मोठा करण्याची युक्ती योजली. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला खोळ आणि त्वचा दोन्ही टाळण्यात आली. दंडाच्या हाडात टायटॅनियमचा दांडा रुजवून त्यावर हात बसवायचा, विद्युदग्रे आत स्नायूंवर शिवायची आणि तारा त्याच दांड्यातून बाहेर आणायच्या. घाम आला, हात वर केला, तरी संकेत बदलत नाही. मज्जातंतूभोवतीच्या विद्युदग्रातून उलट दिशेने स्पर्शाची जाणीवही देता येते. तीन ते सात वर्षे असा हात रोजच्या व्यवहारात वापरणाऱ्या चौघांचा वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे चारच, आणि दांडा त्वचेतून बाहेर येतो तेथे जंतुसंसर्गाची टांगती तलवार कायम.

भारतात हात जातो तो पुष्कळदा कडबाकुट्टीच्या किंवा मळणी यंत्राच्या पात्यात. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून कार्यरत आहे, आणि १९६८ मध्ये जयपूरच्या पायाने स्वस्त, दणकट अवयव येथे घडू शकतो हे सिद्ध केले. पाय तोलाचा आधार देतो, म्हणून तो तुलनेने सोपा. हाताला मात्र बोलणे समजावे लागते. मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक भाग उत्तरोत्तर स्वस्त होत आहेत. परंतु वैशाखाच्या उन्हात घामाने निथळणाऱ्या त्वचेवर विद्युदग्र कसे टिकावे, खोळ सैल झाली तर ती तालुक्याच्या गावी कोणी नीट करावी, आणि स्नायू वेगवेगळे आवळण्याचा सराव आठवडेच्या आठवडे कोणी करून घ्यावा, हे प्रश्न शिकागोत किंवा गोथेनबर्गला सुटणारे नाहीत. ते येथेच, शेतात राबणाऱ्याच्या हातावर हात बांधून तपासावे लागतील.