कॅन्सरने पांघरलेली साखरेची चादर

घरात कोणाला कॅन्सर निघाला की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात, "साखर बंद करा." कॅन्सरचे आणि साखरेचे एक नाते आहे खरे, पण ते चहातल्या साखरेचे नव्हे. ते आज आपण समजून घेऊ.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीवर निरनिराळ्या शर्करांचे आवरण असते. त्यात सायलिक आम्ल नावाची एक शर्करा असते. ती शरीर स्वतःच तयार करते. रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर 'सिग्लेक' नावाची प्रथिने असतात. ती ही शर्करा चाचपून पाहतात. शर्करा लागली की पहारेकरी समजतो, हा घरचाच माणूस, आणि हत्यार आवरतो.

कित्येक कॅन्सरच्या पेशी याचाच फायदा घेतात. त्या या शर्करेची जाड चादर पांघरतात आणि पहारेकऱ्यासमोरून सुखरूप निसटतात.

पहारेकऱ्यांना रोखणारे असे दुसरे 'ब्रेक' शोधल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते ब्रेक सोडवणारी औषधे आज वापरात आहेत. पण पुष्कळ रुग्णांना ती लागू पडत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ सिग्लेककडे वळले. त्यांचे दोन मार्ग आहेत : सिग्लेकलाच अडवायचे, किंवा चादर कापायची. अमेरिकेतील कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०१६ मध्ये शर्करा कापणारे एन्झाइम स्तनाच्या कॅन्सरवरील औषधाला जोडले. प्रयोगशाळेत पहारेकरी पेशींनी त्या कॅन्सर पेशी अधिक जोमाने मारल्या. अशा उपचारांच्या रुग्णांवरील चाचण्या झाल्या आहेत. पण ते अजून नेहमीच्या वापरात नाहीत. कोणी विकत देऊ लागला तर फसू नका.

नवे औषध आले तरी ते गरिबाला परवडणार का? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने त्याची वाट दाखवली आहे. तोंड व घशाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये, ब्रेक सोडवणारे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, इतर गोळ्यांच्या जोडीने दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वर्षभर जगणारे रुग्ण शंभरात सुमारे १६ होते, ते ४३ झाले.

तोवर आपल्या हाती एवढे आहे : तंबाखू-गुटखा सोडा. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, तर लाजू नका, लपवू नका; सरकारी दवाखाना गाठा.